खिळ्यावरचा नान

“नान खिळ्यावरून खाली काढायचा नाही हं, आई. आम्ही येऊ तेव्हा आम्हीच काढू. आणि समजा, दोघांतलं कुणीच नाही आलं, तर मग तू नि हनीफाखोला दोघींनी वाटून खा. चहात बुडवून खा पण. नाहीतर दात पडायचे तुमचे!”

पहाटेचा नमाज आटोपून ओयदीनबीबी जायनमाजची घडी घालायला लागली की हा आवाज यायचा. रोज. शेवटी दातांच्या बोलण्यावर तो स्वतःच हसायचा, ते हसूही तसंच्या तसं. आता बीबीचे पुढचे दात खरंच पडले होते, आणि हसणारा दवलत तीस वर्षांपूर्वी सायकलवर बसून गेला होता तो गेलाच.

ती खिळ्याखाली जाऊन उभी राहायची. नान ठेवलेल्या पांढऱ्या मलमलीच्या पिशवीला बोटं टेकवायची, ती डोळ्यांना लावायची, बिस्मिल्ला म्हणायची आणि अंगणात जाऊन तंदूर पेटवायची. खाणारं तोंड एकच, तरी नान दोन. हा तिचा नेम होता. ताप असो, बर्फ असो, तंदूर एक दिवस गार राहिला नव्हता. दुसरा नान ती फाटकाच्या खांबावर ठेवायची. जाणारा-येणारा कुणी भुकेला उचलून न्यायचा. घरातून गेलेल्या माणसालाही कुठेतरी कुणीतरी असाच नान ठेवत असेल, असा तिचा हिशेब होता, आणि तो अल्लाशी होता.

गुरुवारी संध्याकाळी आणखी एक नेम. कढईत तेल तापवून कणकेचे तुकडे सोडायचे. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो, त्यांना कळतं की घर आपल्याला विसरलेलं नाही. आई, बाप, सासू, सासरा, नवरा अशी एकेक नावं ती हळू आवाजात घ्यायची. दवलतचं घेत नसे. जिवंत माणसाचं नाव त्या वासात मिसळू नये.

भिंतीपलीकडूनही दर गुरुवारी तोच वास यायचा. दवलत जिला खोला, म्हणजे मावशी, म्हणायचा त्या हनीफाची कढई. दोन अंगणांतला धूर भिंतीच्या वर जाऊन एक व्हायचा. खाली मात्र दोघी बावीस-तेवीस वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

त्या बुधवारी फाटक वाजलं ते काठीनं. काठीनं फाटक वाजवणारा गावात एकच माणूस होता.

“आपा, आहेस का गं जिवंत?”

“तुझ्याआधी कशी जाईन, साफरअली? तुझी पदकं पुसायला कोण राहील मग?”

जूनच्या उन्हात साफरअलीनं लोकरी कोट चढवला होता. त्यावरची पदकं पावलागणिक किणकिणत होती. युद्धात पाय अधू झालेला हा माणूस गावातल्या जुन्या सैनिकांचा म्होरक्या होता. लग्न असो, मयत असो, रस्त्याचं उद्घाटन असो, त्याच्यावाचून पान हलत नसे. त्याच्यामागून शाळेतल्या मेहरंगेज बाई आल्या. त्यांच्या हातात शिंप्याकडची मोजपट्टी होती.

चहा झाला, मनुका झाल्या. मग साफरअलीनं नजर भिंतीकडे वळवली.

“आपा, परवा एकोप्याचा दिवस, तहाचा. शाळेत आठवणींची खोली उघडतोय. काचेचं कपाट आलंय राजधानीतनं, बघशील तर आरशासारखं! माझे बूट आहेत त्यात, बंदुकीचा पट्टा आहे. पण मधला कप्पा मी मोकळा ठेवायला लावला. त्या कप्प्यात हा नान. खाली लिहिणार, ‘वीर दवलतचा शेवटचा घास.’ काय मुअल्लिमा?” त्यानं बाईंना विचारलं.

“हो ना. मुलं तर रडतील, खोला,” मेहरंगेज म्हणाल्या. “तीच गोष्ट ऐकत मोठी झाले मी. साफरअली-आका पुलाची गोष्ट सांगायचे तेव्हा आम्ही पहिल्या रांगेसाठी भांडायचो. दवलत एकटा पुलावर उभा राहिला. सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत. शत्रू आले तेवढे आडवे केले, गोळ्या संपल्या तेव्हा पुलासकट कालव्यात उडी घेतली. म्हणून गाव वाचलं. तोंडपाठ आहे.”

“या वर्षी नाटुकलं बसवलंय त्याचं,” साफरअली खूश होऊन म्हणाला. “आणि ऐक, हनीफाची नात आहे गाणाऱ्या मुलींत. पलीकडच्या बाजूची पोर, आणि तुझ्या दवलतचं गाणं गाते! एकोपा म्हणजे आणखी काय असतं गं?”

ओयदीनबीबीनं आता पुरे म्हणून चहाचा रिकामा पेला पालथा घातला.

“बघू का जरा? माप घ्यायचंय,” मेहरंगेज बाईंनी विचारलं.

“बघा. खाली नका काढू.”

तिनं स्वतः पिशवीचं तोंड सैल केलं. नान लाकडासारखा वाळला होता, कडेनं करडा पडला होता, पण मधला शिक्का अजून स्पष्ट होता, टाचणीच्या टोकांनी उमटवलेलं आठ पाकळ्यांचं फूल. उजव्या कडेला घास तोडलेला. मेहरंगेज बाई वाकल्या, मान वाकडी करून पाहत राहिल्या.

“अगंबाई, इथं डावीकडेही चावलेलं आहे.”

“उंदीर,” साफरअली चटकन म्हणाला. “तीस वर्षं लटकलेला नान, उंदीर सोडेल होय? ती बाजू कातरून घेऊ. बारीक करवत आहे माझ्याकडं, गोल करून देतो छान.”

“नानाला सुरी लावत नाहीत, साफरअली. तू करवत लावणार?”

“बरं बाई, नको. भिंतीकडे वळवून ठेवू ती बाजू.” जाताना तो फाटकाशी थांबला, आवाज खाली आणला. “आपा, रागावू नकोस, पण तुझ्यामागं कोण आहे? लेक रशियात. तिची पोरं ईदला फोनवर काय बोलतात ते तुला कळत नाही, तू बोलतेस ते त्यांना कळत नाही. तू गेलीस की हा नान शेळ्या खातील. काचेत असला तर गाव सांभाळील. तूच ठरव.”

तो गेल्यावर तिला त्याचा राग करता येईना. म्हणाला ते खरंच होतं. गेला महिनाभर तिला तीच चिंता होती. जायनमाजवरून उठताना हल्ली भिंत धरावी लागायची. नान कुणाच्या हाती द्यावा? दिला, की त्याच्याबरोबर गोष्टही द्यायची. आणि काचेमागं गेल्यावर ती गोष्ट मग कुणाला बदलता येत नाही.

उंदीर म्हणे! तिला त्याही स्थितीत हसू आलं, कारण उंदरांमुळेच तर नान या भिंतीवर होता.

त्या वेळी दोन अंगणांमध्ये भिंतच नव्हती, तंदूर होता. दोन्ही कुटुंबं कापसासाठी डोंगरातून उतरवून या मैदानात वसवलेली, ओयदीनचं कुलोब मुलखातलं, हनीफाचं गार्मकडचं. कोण कुठलं हे लग्नाच्या गाण्यांवरून कळायचं, एरवी नाही. मग ते वर्ष आलं, देशातल्या देशात युद्ध पेटलं. रेडिओवर माणसं ओरडायला लागली. कुलोबकडची बंदूकवाली माणसं घरटी एक पोरगा मागायला आली, आणि आठवड्याभरात गार्मकडचीही आली. दवलत आणि हनीफाचा सिरोज, दोघांची मिसरुडं नुकती काळी झालेली. दोघांनाही दुसऱ्या दिवशी आपापल्या बाजूला हजर व्हायचं होतं.

सकाळी दोघांनी सायकल काढली. “घरात पीठ नाही. आधी पीठ आणून देतो, मग बघू युद्धाचं,” दवलत म्हणाला. एकाच सायकलवर, सिरोज मागं. आयांना कळलं होतं की पोरं बंदुकीला पाठ दाखवून निघाली आहेत. दोघींनीही अडवलं नाही.

तंदुरातला शेवटचा नान होता. शिल्लक पीठ ओयदीनचं, शिक्का हनीफाचा. निघणाऱ्यानं एक घास तोडायचा, उरलेला नान भिंतीवर टांगायचा. अन्न मालकाला परत ओढून आणतं. दवलतनं घास तोडला. सिरोज म्हणाला, “मला काय उपाशी पाठवता?” त्यानं दुसऱ्या कडेनं तोडला.

“टांगायचा कुठं?” हनीफानं विचारलं.

“आमच्याकडं. तुमच्याकडं उंदीर फार आहेत, खोला.”

“माझ्या घरातले उंदीर तुझ्यासारखे खादाड नाहीत रे मेल्या,” हनीफा म्हणाली होती, आणि तिनंच खिळा ठोकला होता.

पोरं आली नाहीत. त्या हिवाळ्यात गार्मकडच्यांची घरं जळाली, हनीफाही उरलेल्या माणसांबरोबर नदीपार पळाली. तह झाल्यावर काही वर्षांनी ती परतली, तोवर ओयदीनला साफरअलीनं दवलतची टोपी आणून दिली होती आणि पुलाची गोष्ट सांगितली होती. प्रेत नव्हतं, कबर नव्हती. नुसत्या टोपीवर कुणी मृतांसाठीची फातिहा वाचत नाही. तिनं नान खिळ्यावरच राहू दिला. एकोप्याच्या दिवशी तिला पुढच्या खुर्चीवर बसवत, खांद्यावर नवं कापड घालत. ती यायची, बसायची, कापड घेऊन घरी जायची.

हनीफा परतली त्या पहिल्याच वर्षी, कार्यक्रमावरून येताना कालव्याच्या कडेला ती उभी दिसली.

“शाळेत शिकवतात म्हणे, तुझ्या पोरानं पुलावर आमच्या पोरांना मारलं. माझा सिरोज त्यात होता का गं ओयदीन?”

ओयदीनला ठाऊक नव्हतं. ती खांद्यावरचं नवं कापड सारखं करत राहिली. हनीफानं ते कापड पाहिलं. मग घरी जाऊन मुलांना सांगून मधे उंच भिंत बांधून घेतली.

गुरुवारी सकाळी नान भाजून झाल्यावर ओयदीनबीबी एक नान फडक्यात बांधून साफरअलीच्या खरबुजांच्या मळ्याकडे चालत गेली. तो वेलींना पाणी सोडत होता. कोट नव्हता, पदकं नव्हती. बनियनमध्ये तो एकदम कुणाचातरी म्हातारा बाप दिसत होता.

“आपा! एवढ्या उन्हात? निरोप धाडायचास, मी आलो असतो लंगडत.”

“उंदराचा घास नाही तो,” ती म्हणाली. “सिरोजचा आहे.”

साफरअलीच्या हातातलं फावडं पाण्यात टेकलं. पाणी त्याला वळसा घालून भलत्याच सरीत शिरलं, तरी त्यानं हलवलं नाही.

“माहीत आहे मला,” तो म्हणाला.

“तुला कसं माहीत?”

तो बांधावर बसला. ती उभीच राहिली.

“पुलावर कुणी लढलंच नाही, आपा. लढायला होतं काय तिथं? मोडका पूल. मी पहाटे गस्तीला गेलो, तर सायकल पडलेली. पोतं फाटलेलं. दोघं त्या पिठात. गोळी आमच्याकडून आली की त्यांच्याकडून, अल्लाला माहीत. अंधारात एका सायकलवर दोन जण, ज्यानं त्यानं शत्रूच समजलं असणार.”

“पीठ होतं?”

“होतं ना. सगळीकडं पांढरं.”

“म्हणजे जात नव्हते. येत होते.”

साफरअलीनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

“हो,” तो म्हणाला. “तोंड गावाकडं होतं सायकलचं. येत होते.”

ओयदीनबीबी खाली बसली. पदराच्या टोकानं तोंड पुसलं. दूरवर कुणाचंतरी गाढव ओरडत होतं.

“एकाच खड्ड्यात ठेवले,” तो पुढं बोलत राहिला, आता थांबता येत नसल्यासारखा. “नमाजाच्या दिशेला, किब्ल्याकडं तोंड करून. मला यायचा तेवढा नमाज म्हटला. तुझा पोरगा त्यांच्या पोराबरोबर पळाला होता हे आमच्या माणसांना कळतं, तर त्यांच्या घरांबरोबर तुझंही पेटवलं असतं. म्हणून म्हटलं, पूल. वीर म्हटलं की दाराला हात लावत नाही कुणी.”

“तेव्हाचं कळलं. पण पुढं?”

“पुढं शाळेत बोलावलं. पोरं टाळ्या वाजवायची गं. मला दुसरं काय येत होतं? लढाईत मी केलं त्यातलं पोरांना सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ही एक गोष्ट होती. दर वर्षी थोडी फुगली, आंबवलेल्या पिठासारखी. आता तर डोळे मिटले की मलाच पूल दिसतो. ते सांडलेलं पीठ दिसायचं बंद झालंय.”

“आणि हनीफा?”

त्यानं बांधावरचं एक ढेकूळ बोटांनी फोडलं.

“जागा दाखव.”

मळ्याच्या टोकाला एक तुकडा न नांगरलेला होता. त्यावर उंटकाटा माजला होता, बाजूला तुतीचं एकच म्हातारं झाड. गावात सगळे म्हणायचे, साफरअली आळशी, एवढी सोन्यासारखी जमीन पडीक ठेवलीय. पाण्याची सरीही तिथं वाकडी घेऊन बाजूनं काढली होती.

ओयदीनबीबी गुडघे टेकून बसली. ओंजळ उघडली. फातिहा तिच्या ओठांवर यायला इतका वेळ लागला की साफरअलीला वाटलं, ती विसरली. मग तिनं वाचली. एकदा दवलतच्या नावानं, एकदा सिरोजच्या. तळहात चेहऱ्यावरून फिरवले. बरोबरचा नान मोडून तुतीखाली पाखरांसाठी कुस्करला.

“आपा,” मागून साफरअली म्हणाला, “मी उद्या मंचावर काय सांगू गं? कपाट आलंय. नाटुकलं बसलंय. राजधानीचा माणूस येणार आहे.”

“ते मला नको विचारूस. तोंड तुझं आहे, त्याचा जाबही तूच देशील.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्यानं मान खाली घातली. “मला फक्त नानाचं कळतं. तो मी देत नाही. त्याचे मालक ठरलेले आहेत.”

त्या संध्याकाळी तिनं कढईत तेल तापवलं. आई, बाप, सासू, सासरा, नवरा. मग थांबली. तेल धुरायला लागलं. तिनं कणकेचा तुकडा सोडला आणि म्हणाली, “दवलत.” दुसरा सोडला. “सिरोज.” भिंतीपलीकडं हनीफाची कढई चरचरत होती. पलीकडच्या नावांत सिरोज असेल का? नसेल. तीही नान आणि खिळा लक्षात ठेवूनच जगत असेल.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या कर्ण्यावर गाणी सुरू झाली. बीबीनं अंघोळ केली, धुतलेला रुमाल डोक्याला बांधला. मेहरंगेज बाईंनी मोटार पाठवली, तर तिनं चालकाला फाटकावरचा नान दिला आणि सांगितलं, “बाईंना सलाम सांग. म्हणावं, खोलाला आज दुसरीकडं जायचंय. खुर्चीवर हनीफाच्या नातीला बसवा. उभं राहून गाताना पोरींचे पाय दुखतात.”

मोटार गेली. तिनं पाट ओढला, भिंत धरून वर चढली.

“आलात बाबा तुम्ही,” ती खिळ्याशी म्हणाली. “येतच होतात. मलाच उशिरा कळलं.”

नान हातात आला तेव्हा त्याला वजनच नव्हतं. जिथं तो इतकी वर्षं होता तिथं भिंतीवर एक गोल राहिला होता, बाकी चुन्यापेक्षा पांढरा. तिनं नान पिशवीतून काढून धुतलेल्या दस्तरखानाच्या कापडावर ठेवला, शिक्का वर करून. नान पालथा ठेवायचा नसतो. दुसऱ्या हातात चहाची किटली घेतली. कडक चहा, चांगला गरम, भिजायला वेळ लागणार होता.

बाहेर आली तेव्हा कर्ण्यावर साफरअलीचा आवाज होता. “बाळांनो, त्या दिवशी पुलावर…” आणि तो थांबला. कर्णा नुसता खरखरत राहिला. एकदा खोकल्याचा आवाज आला. “त्या दिवशी, पुलावर…” पुन्हा खरखर. मग कुणीतरी घाईनं गाणं लावलं.

ओयदीनबीबी ऐकायला थांबली नव्हती. भिंत मधे होती म्हणून तिला गल्लीला वळसा घालून जावं लागणार होतं. गल्लीत ऊन होतं, माणूस नव्हतं, सगळे शाळेत. ती एका हातानं नान छातीशी धरून, डावा घास आणि उजवा घास दोन्ही झाकले जाणार नाहीत असा, किटली हिंदकळू न देता, हनीफाच्या निळ्या फाटकाकडे हळूहळू चालू लागली.